रातांबे, रील आणि आमचं एक वर्ष

१२ जानेवारी २०२५, रविवार. मुंबईतल्या एका प्रदर्शनातला चार दिवसांचा स्टॉल आवरून मी रात्रीच्या गाडीने कुडाळला निघाले, तेव्हा पिशव्यांत आमसुलांची ३४ पाकिटं आणि आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारट रसाच्या, नऊ बाटल्या तशाच होत्या. स्टॉलचं भाडं जेमतेम सुटलं होतं. शेवटच्या संध्याकाळी एका ताईंनी दोन पाकिटं घेतली आणि विचारलं, "तुमचं इन्स्टा आहे का? संपल्यावर तुम्हाला शोधायचं कुठे?" मी चिठोऱ्यावर फोन नंबर लिहून दिला. त्यांनी तो पर्समध्ये टाकला. पुन्हा त्यांचा फोन आला नाही.

त्या चिठोऱ्यावरून हे सगळं सुरू झालं. आज वर्ष झालं. लोणची, पापड, मसाले, गोधड्या असं काहीतरी घरी करणाऱ्या आणि "रील कर ना" हा सल्ला ऐकून घाबरलेल्या बायकांसाठी आमच्या वर्षाची हकिगत तारखांसकट लिहिते आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हा मजकूर विक्रीसाठी नाही.

थोडी ओळख करून देते. आमच्या घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, अकरा झाडं आहेत. सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, चाळीस वर्षं सोलं, म्हणजे आमसुलं, करतात. मी ठाण्यात वाढलेली, लग्नानंतर इथे आले. कॅमेऱ्यापुढे उभं राहायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

माझी पुतणी कॉलेजात आहे. तिचं म्हणणं, "काकी, आजच अकाउंट उघडूया." नवऱ्याचं म्हणणं, आधी कागद. मी नवऱ्याचं ऐकलं आणि ते बरं झालं. व्हिडिओत पाकीट दिसलं की लेबल दिसतं, आणि लेबलवर परवान्याचा नंबर नसेल तर पहिल्या दहा प्रतिक्रियांत कुणीतरी ते विचारतंच.

खाण्याच्या वस्तू विकायच्या तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. २०२५ मध्ये मी अर्ज केला तेव्हा वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर पूर्ण परवाना नको, साधी नोंदणी पुरायची, आणि तिची फी वर्षाला १०० रुपये होती. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर ३ फेब्रुवारीला मी स्वतः अर्ज भरला आणि पाच वर्षांचे ५०० रुपये एकदम भरले. फोटो, आधार आणि जागेचा पुरावा एवढंच जोडायचं असतं. घर सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे त्यांचं संमतीपत्र लागेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ८ तारखेला अर्ज त्रुटी दाखवून परत आला. दोन दिवसांनी संमतीपत्र जोडलं आणि २७ फेब्रुवारीला चौदा आकडी नंबर मिळाला. एजंटने याच कामाचे अडीच हजार मागितले होते. घर दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल तर ते पत्र पहिल्याच दिवशी जोडा, आमचा आठवडा त्यातच गेला.

छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी अर्ध्या तासात झाली, तिला काहीच पैसे पडत नाहीत. पाकीटबंद माल विकणाऱ्याला वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन शास्त्र विभागाकडे पॅकर म्हणूनही नोंद करावी लागते, त्याचे ५०० रुपये. आणि आपल्या काट्यावर त्या विभागाचा शिक्का हवा, जो दरवर्षी नवा करून घ्यावा लागतो. आमचा काटा सहा वर्षांचा होता आणि त्यावर एकदाही शिक्का नव्हता. हे वाचून तुमच्याही पोटात गोळा आला असेल तर उद्याच चौकशी करा.

लेबलवर काय काय हवं याची यादी मी वहीत लिहून घेतली. पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, प्रति ग्रॅम किंमत, बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, किती काळात वापरावं, आपला पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, शाकाहारी असल्याचा हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा नंबर. लेबलच्या डिझाइनला २,५०० आणि हजार स्टिकर छापायला ३,२०० रुपये लागले. पहिल्या छपाईआधी मसुदा तीन जणांना वाचायला दिला. पिनकोडातला एक आकडा चुकलेला पुतणीला दिसला.

मार्च उजाडला तेव्हा हातात कागद होते आणि माल गेल्या हंगामातला. अकाउंट ४ मार्चला उघडलं, इन्स्टाग्रामवर आणि यूट्यूबवर एकाच नावाने. नाव देवनागरीतही ठेवलं आणि प्रोफाइलच्या ओळीत गावाचं नाव, कोकम, आमसूल हे शब्द घातले, म्हणजे शोधणाऱ्याला सापडावं.

आडव्या व्हिडिओची आम्हाला सवय होती, लग्नाच्या कॅसेटसारखी. उभ्या व्हिडिओचं सगळं वेगळं. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्यानंतर जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्स भारतात आणले, हे मला माहीत होतं. आमच्या गावातल्या दोन पोरी टिकटॉकवर नाचायच्या, बंदी आली त्या रात्री त्या रडल्या होत्या. पण हे माध्यम माल दाखवायला कसं वापरायचं, ते मला ठाऊक नव्हतं.

मार्चभर मी आठ व्हिडिओ टाकले. प्रत्येकात टेबलावर पाकिटं मांडलेली, मागे पडदा, पुढे मी: "नमस्कार, मी कुडाळहून बोलते आहे, आमच्याकडे शुद्ध आमसुलं मिळतील." प्रत्येकाला दीडशे ते तीनशे दर्शनं (व्ह्यूज). त्यातले निम्मे माझे माहेरचे. ३० सेकंदांच्या एका व्हिडिओला पाच तास लागायचे आणि रात्री अकरा वाजता आकडा बघून रडू यायचं.

३१ मार्चला शॉर्ट्सचे आकडे अचानक वाढले. मी आनंदाने घरभर सांगितलं. दोन दिवसांनी कळलं की त्या दिवसापासून यूट्यूबने मोजणीच बदलली होती: व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी एक दर्शन धरायचं. खरोखर थांबून बघणाऱ्यांचा आकडा वेगळा, तो विश्लेषणाच्या पानावर आत दिसतो. तेव्हापासून मी वरचा मोठा आकडा वहीत लिहीतच नाही. किती सेकंद बघितलं, किती जणांनी जतन केलं, किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं, एवढेच तीन रकाने. बघण्याचा वेळ, लाइक आणि दुसऱ्याला पाठवणं या गोष्टींना आपल्याकडे वजन आहे, असं इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी त्याच जानेवारीत सांगितलं होतं. आमच्या वहीतही पुढे तेच दिसलं, विशेषतः पाठवण्याचं. सोलकढीचा व्हिडिओ बहीण बहिणीला पाठवते, आणि ऑर्डर त्या दुसऱ्या बहिणीकडून येते.

एप्रिलच्या सुरुवातीला पुतणी सुट्टीला आली. तिने आठही व्हिडिओ सलग बघितले आणि म्हणाली, "काकी, तू नमस्कार म्हणेपर्यंत माणूस पुढे सरकलेला असतो. आणि यात बघण्यासारखं काय आहे? पाकीट तर दुकानातही दिसतं." मला राग आला, पण ती बरोबर होती. तिने विचारलं, "तुला इथे आल्यावर पहिल्या वर्षी काय बघून आश्चर्य वाटलं होतं?" मी म्हटलं, आईंचे हात. मे महिन्यात कोपरापर्यंत लाल होतात.

"मग तेच दाखव."

आईंना विचारायला मला दोन दिवस लागले. त्यांनी एक अट घातली. "माझा तोंड दाखवू नको हां. हात काय ते दाखव." ती अट आम्ही आजपर्यंत पाळली आहे. घरातल्या माणसाला जगापुढे ठेवण्याआधी विचारणं मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि एकदा विचारून भागत नाही, दर वेळी व्हिडिओ टाकण्याआधी मी त्यांना दाखवते. तीनदा त्यांनी नको म्हटलं. ते तीन टाकले नाहीत.

१९ एप्रिलला पहिले रातांबे उतरवले. त्याआधी ८५० रुपयांचा ट्रायपॉड आणि १,४०० रुपयांचा कॉलरला लावायचा माइक घेतला होता. दिवा घेतला नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, सकाळी आठ ते साडेनऊ जो उजेड असतो त्याची बरोबरी कुठलाच दिवा करत नाही. दुपारच्या उन्हात लाल रंग फिक्कट पडतो, हे आम्ही चार दिवस वाया घालवून शिकलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पिकलेले रातांबे धुऊन फोडायचे. आतला गर आणि बिया मीठ घालून वेगळ्या ठेवायच्या, त्याला रस सुटतो. सालं उन्हात घालायची, संध्याकाळी त्या रसात बुडवायची, सकाळी पुन्हा ऊन. याला पुट देणं म्हणतात. आई सात पुटं देतात. प्रत्येक पुटाला साल काळवंडत, मऊ होत जाते. हे सगळं होईपर्यंत आठवडा, दीड आठवडा जातो, आणि तेवढे दिवस आकाशाकडे बघत बसायचं.

पुतणीने सांगितलं तसं आम्ही प्रत्येक टप्प्याचे चार ते सहा सेकंदांचे तुकडे घेत गेलो. फोन उभा, १०८० बाय १९२० पिक्सेलवर, लेन्स पदराने नाही, चष्म्याच्या कापडाने पुसलेली. वस्तू चौकटीच्या मध्यापेक्षा थोडी वर ठेवायची, कारण खालच्या भागावर मजकूर येतो आणि उजव्या कडेला बटणं. आमच्या पहिल्या व्हिडिओत किंमत नेमकी त्या बटणांखाली लपली होती. पडद्यावरची अक्षरं मोठी आणि मराठीतच. लोक बसमध्ये, ऑफिसात आवाज बंद करून बघतात, त्यांना अक्षरांवरच कळायला हवं.

२ मेला सतरा सेकंदांचा एक व्हिडिओ टाकला. नमस्कार नाही, संगीत नाही. रातांबा फुटल्याचा आवाज, गर निघाल्याचा, मिठाची मूठ पडल्याचा, आणि लाल झालेले दोन हात. अक्षरं एवढीच: "हे सातव्या पुटाला काळं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ हजार दर्शनं. ९ मेपर्यंत चार लाख बारा हजार.

फोन हातात धरवेना. गोव्यातून लोक लिहीत होते, "आम्ही याला भिरंड म्हणतो." कर्नाटकातून कुणी लिहिलं की त्यांच्याकडे हेच मुरुगलु. गुजराती बायका डाळीत किती घालायचं ते एकमेकींना सांगत होत्या. दुबईतून एकाने लिहिलं की हा आवाज ऐकून त्याला आजीचं खळं आठवलं. ती प्रतिक्रिया मी आईंना तीनदा वाचून दाखवली.

आणि मग दुसऱ्या प्रकारच्या प्रतिक्रिया यायला लागल्या. "हात बघा किती घाणेरडे." "हातमोजे घाला." "हे खायचं?" एकाने असं काही लिहिलं की मी ते इथे लिहिणार नाही. रात्री दीडला मी एकेकाला उत्तर देत बसले होते, रागाने. सकाळी आईंनी माझे डोळे बघून विचारलं, मी सांगितलं. त्या हात पुढे करून म्हणाल्या, "तेंका सांग, रंग आसा तो, मळ न्हय."

मी तेच वाक्य पुढच्या व्हिडिओवर लिहिलं. आई साबणाने हात धुतात, पाणी लाल होत नाही, हात मात्र लालच राहतात, कारण रातांब्याचा रंग कातडीत आठवडाभर मुरलेला असतो. तो व्हिडिओ बघून बरेच जण शांत झाले. पण मला हेही मान्य करायला हवं की टोचून बोलणाऱ्यांपैकी काहींचा मुद्दा खरा होता. आईंचे केस मोकळे होते. रसाचं भांडं उघडं होतं. एफएसएसएआयच्या स्वच्छतेच्या नियमांत केस झाकणं आणि भांडी झाकणं आहेच, आणि तो कागद आमच्याकडे फेब्रुवारीपासून पडून होता. त्या आठवड्यात डोक्याला रुमाल आला, भांड्यावर जाळी आली. शिव्या पुसून टाकल्या, प्रश्न ठेवले, आणि रात्री नऊनंतर प्रतिक्रिया वाचायच्या नाहीत असं ठरवलं. हा नियम तुम्हीही पहिल्या दिवसापासून करा.

चार लाखांतून ऑर्डर किती आल्या? मेसेज ६१, पैसे भरले १७ जणांनी. मला धक्का बसला. पुतणी म्हणाली, बघणाऱ्यांतले बहुतेक भारतभरचे, त्यांना आवाज आवडला, आमसूल नको होतं. शिवाय किंमत कुठेच लिहिलेली नव्हती. "किती?" या प्रश्नाला मी तीन तासांनी उत्तर द्यायचे तोवर माणूस विसरलेला असायचा. त्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घेतलं, त्यात वस्तूंची यादी भरली, आणि वजन, किंमत, टपालखर्च, किती दिवसांत पोचेल अशी चार तयार उत्तरं ठेवली. प्रत्येक व्हिडिओखाली पहिली प्रतिक्रिया आमचीच, किमतीसकट, वर टाचलेली. मोठा व्हिडिओ चालायच्या आधी हे तयार असतं तर बरं झालं असतं.

याच काळात दोन चुका झाल्या, त्या सांगायलाच हव्यात.

पहिली गाण्याची. सुरुवातीला अकाउंट क्रिएटर प्रकारचं ठेवलं होतं, कारण त्यात सिनेमातली गाणी मिळतात. सोलकढीच्या व्हिडिओमागे एक गाणं लावलं, दोन आठवड्यांनी त्याचा आवाजच बंद झाला. माल विकण्यासाठी गाणं वापरायचं तर त्याचा वेगळा परवाना लागतो, अ‍ॅपमध्ये गाणं दिसतं म्हणून ते धंद्याला चालतं असं नाही. अकाउंट बिझनेस प्रकारात बदललं. आता अ‍ॅपमधला मोफत ध्वनिसंग्रह किंवा आमचाच आवाज, तिसरं काही नाही.

दुसरी चूक जास्त गंभीर. एका व्हिडिओवर मी लिहिलं, "पित्तावर रामबाण औषध." घरात आम्ही तसंच बोलतो. एका ओळखीच्या डॉक्टरांनी खासगीत लिहिलं की हे लगेच काढा. खाद्यपदार्थ विकताना तो आजार बरा करतो असा दावा करता येत नाही, २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत ते स्पष्ट आहे. मी वाचून पाहिलं आणि व्हिडिओ काढला. "शुद्ध", "शंभर टक्के" हे शब्दही तेव्हापासून वापरत नाही. आता लिहिते ते एवढंच: रातांबे, मीठ, ऊन.

मग पाऊस आला. २० मेनंतर तो थांबेचना. २५ मेला मान्सून देवगडपर्यंत पोचला, दुसऱ्या दिवशी मुंबईत, आणि मुंबईत तो इतक्या लवकर आल्याची आधीची नोंद नव्हती. आमची सोलं तिसऱ्या-चौथ्या पुटावर होती. पडवीत पसरली, पंखे लावले, वीज गेली. चौथ्या दिवशी पांढरी बुरशी दिसली. ११ किलो माल आईंनी स्वतःच्या हाताने झाडाच्या बुंध्यात टाकला. झाडावरचे रातांबे तर कुजून खाली पडत होते.

आणि मी मोठ्या व्हिडिओच्या उत्साहात २६ किलोंचे आगाऊ पैसे घेऊन बसले होते.

तयार माल नऊ किलो. तीन रात्री झोप नव्हती. २९ मेला पडवीत बसून, पावसाच्या आवाजात, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ केला. त्यात टाकलेली सोलं दाखवली, किती शिल्लक आहे ते सांगितलं, आणि म्हटलं की ज्यांनी आधी पैसे भरले त्यांना आधी, उरलेल्यांचे पैसे परत. यूपीआयने पैसे परत करायला सहा दिवस गेले, कारण कुणी कुठल्या नंबरवरून भरले याची नोंद मी नीट ठेवलीच नव्हती. एका बाईंनी खूप सुनावलं, त्यांच्याकडे बारसं होतं. त्यांचा राग रास्त होता. बारा जणांनी पैसे परत घेतले नाहीत, पुढच्या वर्षी द्या म्हणाले. ते पैसे मी वेगळ्या खात्यात ठेवले आहेत. म्हणून सांगते: बरणीत जेवढं आहे तेवढ्याचेच पैसे घ्या. आणि प्रत्येक ऑर्डरला नाव, तारीख, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक एका वहीत, पहिल्या दिवसापासून.

जूनमध्ये मला वाटलं संपलं. हंगाम गेला, माल थोडा, दाखवायला काय उरलं? पुतणीने फोन संगणकाला जोडला आणि मोजलं. एप्रिल-मेमध्ये आम्ही १४० तुकडे घेतले होते आणि वापरले होते जेमतेम तीस. फळ सहा आठवडे, व्हिडिओ वर्षभर, हे तेव्हा मला कळलं. हंगामी वस्तू करणाऱ्या प्रत्येकीला मी हे कळकळीने सांगते: हंगामात नुसतं चित्रण करून ठेवा, जोडणी पावसात करा. तुकड्यांना नावं द्या. आमच्या नावांत तारीख आणि टप्पा असतो, नाहीतर "ते लाल वालं कुठे गेलं" यात तास जातो.

जोडणीसाठी एप्रिलमध्ये आलेलं इन्स्टाग्रामचंच एडिट्स अ‍ॅप वापरते, फुकट आहे. पावसात नेटवर्क गेलं की मी तळ्याच्या वरच्या सड्यावर जाऊन व्हिडिओ चढवायचे, छत्री धरून. आठवड्याला दोन, मंगळवार आणि शनिवार. रोज टाकायचा प्रयत्न जुलैत केला, दहाव्या दिवशी दमले.

जूनअखेर हजार फॉलोअर झाले आणि ट्रायल रील्सची सोय खुली झाली. यात व्हिडिओ आधी अनोळखी लोकांनाच दाखवला जातो, चालला तर आपल्या लोकांना दाखवायचा. लाजाळू माणसाला ही फार सोयीची गोष्ट आहे. एकच व्हिडिओ दोन वेगळ्या सुरुवातींनी टाकून बघता येतो. आमचा अनुभव असा की प्रश्नाने सुरू झालेला व्हिडिओ लोक जास्त वेळ बघतात.

त्यातूनच वर्षातला आमचा खरा व्हिडिओ निघाला. व्हॉट्सअ‍ॅपवर एक प्रश्न सारखा यायचा: आगळ आणि अमृत कोकम यात फरक काय? लोक आगळाची बाटली घ्यायचे, पाण्यात घालून सरबत म्हणून प्यायचे आणि खारट लागलं म्हणून तक्रार करायचे. ५ ऑगस्टला ३८ सेकंदांत सांगितलं. दोन पेले शेजारी. एकात आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. दुसऱ्यात अमृत कोकम, साखरेत मुरवलेलं, सरबतासाठी. मग आगळ, नारळाचं दूध, लसूण, मिरची, आणि पेला गुलाबी. मी बोलले, चेहरा दाखवून, पहिल्यांदाच न अडखळता.

दर्शनं अकरा हजार. मेच्या व्हिडिओपुढे काहीच नाही. पण २१२ जणांनी जतन केला, आणि २७ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीच्या आधी ४३ ऑर्डर आल्या, बहुतेक ठाणे, डोंबिवली, पुण्याच्या. त्यांना वस्तू हवीच होती, फक्त कुठली घ्यायची ते कळत नव्हतं. तेव्हापासून मी विषय शोधत बसत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तीनदा आलेला प्रश्न वहीत जातो, आणि वहीतला पुढचा प्रश्न हाच पुढचा व्हिडिओ.

आगळाच्या पहिल्या सहा बाटल्यांपैकी दोन वाटेत गळल्या. आता झाकणाखाली सील, वर टेप, बाटली पिशवीत, पिशवी भुश्शात, आणि एक बाटली घरी उलटी टांगून रात्रभर बघायची. ही बांधणीसुद्धा आम्ही व्हिडिओत दाखवली, त्यावरचे प्रश्न थांबले.

पैसे देऊन व्हिडिओ पुढे ढकलण्याचा प्रयोग एकदा केला. दिवसाला २०० प्रमाणे पाच दिवस, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८०. पहिल्यांदाच करत होते, त्यामुळे भाग निवडताना पूर्ण भारत राहिला. दर्शनं भरपूर, ऑर्डर दोन. पुन्हा केला तर ठराविक तीन-चार शहरं आणि "मेसेज यावेत" हे उद्दिष्ट निवडेन. खाण्यावर व्हिडिओ करणाऱ्या एका मोठ्या अकाउंटने एका रीलचे आठ हजार सांगितले, ते परवडणारे नव्हते. त्याऐवजी स्वयंपाकाचे छोटे व्हिडिओ करणाऱ्या एका ताईंना ६४० रुपयांचा माल पाठवला. त्यांना आधीच लिहिलं, आवडलं तरच बोला, आणि माल फुकट मिळाला हे व्हिडिओत सांगा. जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार पैसे न घेता वस्तू घेतली तरी ते जाहीर करावं लागतं. त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं, आणि लोकांचा विश्वास त्याने कमी झालेला मला तरी दिसला नाही.

सप्टेंबरमध्ये आमच्या नावाशी अगदी मिळतंजुळतं एक अकाउंट दिसलं. छातीत धस्स झालं. १८ सप्टेंबरला ट्रेडमार्कचा अर्ज केला. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाचे ४,५०० रुपये लागतात, तेही वस्तूंच्या एका वर्गाचे. सुकवलेली फळं २९ व्या वर्गात, सरबतं ३२ व्या. आमचं नाव आमसुलांवर चालतं म्हणून सध्या २९ च घेतला. अर्ज केल्यावर नावापुढे टीएम लावता येतं, गोलातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. परीक्षण अहवालात आक्षेप आला तर उत्तराला तीस दिवस असतात, त्यामुळे मी दर सोमवारी स्थिती तपासते. अजून प्रतीक्षाच आहे.

वर्षाचा खर्च मांडला. सगळे कागद, लेबलं, ट्रायपॉड, माइक, ती एक जाहिरात, पाठवलेला माल आणि ट्रेडमार्क धरून १५,२७०. त्यात आमचे तास धरलेले नाहीत. फॉलोअर आज ६,८०० आहेत. नोकरी सोडावी इतकं उत्पन्न यातून नाही. पण या जानेवारीत घरात गेल्या हंगामातलं एकही पाकीट शिल्लक नाही, आणि मुंबईच्या त्या प्रदर्शनाला मी गेले नाही.

काल सकाळी मागच्या दारच्या झाडाला फुलं दिसली. मी भांडी घासत होते. आई बाहेरून ओरडल्या, "अगो, ऊन बरां आसा आता, काढ तुझो फोन." सहा सेकंदांचा तुकडा घेतला आणि "२०२६, फूल" असं नाव देऊन ठेवला. भिंतीवर या हंगामाची यादी लावली आहे, आगाऊ पैसे न घेता नुसती नावं. वरची बारा गेल्या मेमधली आहेत, खाली आणखी तेवीस.